ईडा राहो, पिडा टळो

ईडा आमच्याकडे राहायला आली, त्या दिवशी मी तिला विमानतळावरून थेट हॉस्पिटलात नेलं. तिला काहीही झालेलं नव्हतं. मी आपला खबरदार माणूस.

झालं असं, की पार्किंगमधून गाडी बाहेर काढता काढता मी विचारलं, प्रवास नीट झाला ना? उत्तरादाखल तिने एकदम श्वास आत ओढला. गार पाण्याचा तांब्या अंगावर घेतल्यावर आपण ओढतो, तसा. मी म्हटलं, बरी आहेस ना? पुन्हा तोच श्वास. असं नेहमी होतं का? पुन्हा तोच. घरच्यांना माहीत आहे? आणखी एक, जरा लांबट. मग मी विचारलं, इनहेलर आणलायस? त्यावर मात्र ती पहिल्यांदाच स्वच्छ शब्दात 'नो' म्हणाली, आणि मी पुढच्याच राउंडअबाउटवरून गाडी वळवली.

हॉस्पिटलात बराच वेळ बसल्यावर नर्सने तिला तपासलं, दोन प्रश्न विचारले आणि हसायलाच लागली. फिनलंडची का तू, म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने समजावलं, की तिकडच्या बऱ्याच बायका 'हो' म्हणताना श्वास आत घेतात. त्यांचा 'यो' असा काहीतरी शब्द आहे, तो त्या बाहेर सोडण्याऐवजी गिळतात. म्हणजे ही मुलगी इतका वेळ मला फक्त 'हो' म्हणत होती. मी ईडाला विचारलं, मग मला अडवलं का नाहीस? तिला वाटलं होतं, नव्या माणसाला घरात घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवून आणायची इथे पद्धत असेल. पद्धतच असेल तर त्यावर बोलायचं काय?

आम्ही त्या वर्षीच पुण्याहून इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आलो होतो. मला इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, मृणालला, म्हणजे माझ्या बायकोला, रेडिंगमध्ये नोकरी. आमची सहा वर्षांची मुलगी ओवी सप्टेंबरात शाळेत जायला लागली. शाळा सुटते सव्वातीनला आणि आम्ही उगवतो दिवे लागल्यावर. माझी आई आमच्याबरोबर आली होती खरी, पण ती व्हिजिटर म्हणून, मार्चपर्यंतच. शिवाय इथले भुयारी रस्ते एकट्याने ओलांडायची तिची तयारी नव्हती. तेव्हा कोणीतरी सुचवलं की ओ पेअर ठेवा. परदेशातली तरुण मुलगी घरात राहते, घरचं जेवते, थोडा वेळ मूल सांभाळते, इंग्रजी सुधारते. ब्रेक्झिटचा निकाल लागला होता, पण युरोपातल्या मुलांना यायला अजून आडकाठी नव्हती. सगळा पत्रव्यवहार मृणालने केला. ती लग्नानंतरही केळकरच राहिली आहे. मी दातार, आणि शाळेत ओवीही केळकरच. पुढे जे झालं त्यात याचाही हात आहे.

घरी पोचल्यावर आईने दारातच नाव विचारलं. मी म्हटलं, ईडा.

"इडा?" आई म्हणाली. "आपण जन्मभर इडापिडा टळो म्हणायचं, आणि तुम्ही ती विमानाने बोलावून घेतलीत."

ईडा उंच होती, इतकी की आमच्या बॉक्सरूममधल्या पलंगावर ती तिरकी झोपायची. भुवया असून नसल्यासारख्या. बोलणं त्याहून कमी. ती कुओपिओजवळच्या एका तळ्याकाठच्या गावातून आली होती. त्या गावाबद्दल तिने आम्हाला वर्षभरात एवढंच सांगितलं, की तिथे तळं आहे.

आईपुढे मोठा पेच होता तो हिला कुठल्या खान्यात बसवायचं हा. पाहुणी म्हणावं, तर ती भांडी विसळते. कामाला ठेवलेली म्हणावं, तर टेबलाशी बसून आपल्याबरोबर वरणभात खाते आणि वरून तूप मागते. आई आठवडाभर विचार करत होती. शेवटी तिने पुण्याला फोनवर मावशीला सांगितलेलं मी ऐकलं. "अगं, पेइंग गेस्टच, पण उलटी. आपण पैसे देतो."

त्या दोघींचं मात्र झकास जमलं. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि ईडाला मराठी, त्यामुळे गैरसमजाला वावच नव्हता. ईडा राय नावाच्या धान्याच्या पिठाचा काळा आंबट पाव भाजायची. तो पाव पायावर पडला तर बोट मोडेल असा असायचा. आईने तो हातात घेऊन टिचकी मारली, हुंगला आणि नाचणीची भाकरी म्हणून त्याला घरात घेतलं. लसणाची चटणी आणि तो पाव, असा दोघींचा दुपारचा कार्यक्रम असे. एकदा ईडाने तिकडची कसलीशी काळी गोळी मला दिली. मी चॉकलेट समजून तोंडात टाकली. खारट, तिखट, नाकातून वाफ निघाली. मी बेसिनकडे धावलो. आईने एक चघळून पाहिली आणि म्हणाली, नवसागर आहे यात, पोटाला चांगला. नंतर जेवणावर पाचक म्हणून ती रोज एक घ्यायला लागली.

मराठी ईडा ऐकून ऐकून शिकली. पण तिच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द. त्यामुळे 'आजी झोपला' आणि 'बाबा आली' हे आमच्या घरात नेहमीचं झालं. मी एकदा तिला दुरुस्त करायला बसलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खुर्ची बाई, पंखा पुरुष आणि टेबल दोन्ही नाही. हे तुम्ही कोणाला विचारून ठरवलं?" मी त्यावर बराच वेळ बोललो. संस्कृतपासून सुरुवात केली. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे माहीत नाही."

दिवाळीत पाडव्याला आई सगळ्यांना ओवाळत होती. ईडालाही पाटावर बसवलं, गुडघे हनुवटीला लावून बसली बिचारी. आईने तबक फिरवलं, 'इडापिडा' म्हणायला तोंड उघडलं आणि थबकली. समोर ईडा बसलेली. आईने क्षणभर विचार केला, मग तबक पुन्हा फिरवत म्हणाली, "ईडा राहो, पिडा टळो."

आता त्या घरातली खरी पिडा सांगतो. ओवी शाळेत एक शब्द बोलत नव्हती.

घरी तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. पण शाळेच्या दारात पाऊल टाकलं की नळ बंद. ना हो, ना नाही. हजेरीला हातसुद्धा वर करायची नाही. सप्टेंबर गेला, नाताळ गेला. तिच्या वर्गशिक्षिका मिसेस हॉलिस, फार मायाळू बाई, दर पंधरवड्याला 'घाई नाही' म्हणायच्या, आणि दर वेळी त्यांच्या आवाजातली घाई थोडी वाढलेली असायची. मृणाल रात्री पाठ करून झोपायची, पण झोपायची नाही.

मी गप्प बसणारा नव्हतो. मी सकाळी नाश्त्याला शाळा-शाळा खेळायला सुरुवात केली. मी मिसेस हॉलिस व्हायचो. एका मोज्याला बटणांचे डोळे शिवून बाहुलं केलं आणि त्याला इंग्रजीत बोलायला लावलं, म्हणजे मोज्याशी तरी ओवी इंग्रजीत बोलेल. तिने मोज्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुझा हात दुखेल." गाडीत इंग्रजी गोष्टी लावल्या. झोपताना इंग्रजी, आंघोळीला इंग्रजी. घरात येता-जाता मी तिला विचारायचो, आज बोललीस का? ती मान हलवायची आणि निघून जायची.

जानेवारीत आईने विषय काढला. मार्चमध्ये मी जाईन तेव्हा पोरीला घेऊन जाते, म्हणाली. दोन वर्षं माझ्याकडे राहील, तिची जुनी शाळा आहेच. इथे तिचं तोंड शिवल्यासारखं झालंय, मला बघवत नाही. तिच्या बोलण्यात रुसवाफुगवा काही नव्हता, म्हणून तर ते टाळता येईना. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, मृणालच्या लॅपटॉपवर विमान कंपनीचं पान उघडं होतं. आईच्या शेजारची सीट रिकामी होती.

त्याच सुमाराला एकदा मी घरून काम करत होतो. दुपारी म्हटलं, ओवी आणि ईडा येतात कशा, बघू. ईडा बसने यायची नाही. हवा कसलीही असो, ती ओवीला झाडीतल्या पायवाटेने चालवत आणायची. मी लांबून मागे मागे चाललो. शाळेपासून घरापर्यंत त्या दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत. मध्येच एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसल्या, एक सफरचंद आळीपाळीने चावून खाल्लं, उठल्या, चालू लागल्या. जी मुलगी बोलत नाही, तिच्यासाठी आम्ही अख्ख्या युरोपातून निवडून न बोलणारी बाई आणली होती.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलंच, तू ओवीशी बोलत का नाहीस?

तिने नेहमीप्रमाणे आधी विचार केला. "तीही माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "आम्ही बरोबर असतो."

"पण तिला बोलतं करायला नको का?"

"आमच्याकडे माणूस गप्प असला की तो विचार करतोय असं धरतात. तुमच्याकडे काय धरतात?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं. "रुसलाय असं."

ती श्वास आत ओढून 'यो' म्हणाली. बस. संभाषण संपलं. मी आत येऊन मृणालला सांगितलं, की या मुलीचा काही उपयोग नाही.

आता शेजारच्या केनबद्दल सांगायला हवं. केन निवृत्त नौदलवाला. त्या हिवाळ्यात कधीतरी तो कुंपणापलीकडून मला बघून हात वर करायला लागला आणि मोठ्याने काहीतरी 'आहो' असं ओरडायला लागला. मला वाटलं, जहाजावरची माणसं एकमेकांना अशीच हाक मारत असणार. मीही हात वर करून जोरात 'अहॉय' म्हणायचो. त्याला गंमत वाटायची, मला आपण स्थानिक लोकांत मिसळल्यासारखं वाटायचं. लायब्ररीतल्या बाईंनी मला एकदा 'मिस्टर आहो' म्हटलं, तेव्हा मला वाटलं त्यासुद्धा नौदलातल्या.

खरी गोष्ट मार्चमध्ये कळली. आईचं निघणं जवळ आलं होतं. मिसेस हॉलिसनी आम्हाला भेटायला बोलावलं होतं. ओवीला बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवायचं का, हे ठरवायचं होतं. आमचं वेगळंच ठरत आलं होतं. त्या भेटीत आम्ही ओवीला शाळेतून काढत असल्याचं सांगणार होतो. मृणालला सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटा जायचं ठरलं. हा निरोप त्या सकाळी ईडाने शाळेच्या दाराशी द्यायचा होता.

पुढचं मी मिसेस हॉलिसकडून ऐकलं आणि ईडाकडूनही. दोघींचं सांगणं जुळतं.

ईडा म्हणाली, उद्या भेटायला मिस्टर आहो येतील. मिसेस हॉलिसनी विचारलं, कोण? ईडा म्हणाली, आहो. ओवीचे वडील. मिसेस हॉलिस वही काढून लिहायला लागल्या आणि ईडा एकेक अक्षर सांगायला लागली. ए, एच, ओ.

तिचंही काय चुकलं म्हणा. एरवी मृणाल मला नावाने हाक मारते, चिडली की आडनावाने. पण माझी आई घरात असली की मी 'अहो' होतो. अहो, ऐकलंत का. अहो, पोळ्या झाल्यात. ईडा आली ती आई असताना, तेव्हा तिने पहिल्या दिवसापासून मृणालच्या तोंडून हेच ऐकलेलं. आईच्या तोंडचं मंदार हे माझं नाव, पत्रांतलं केळकर हे मृणालचं, तर अहो हे माझं आडनाव, असा तिने हिशेब मांडला. त्यात फिनलंडमध्ये आहो हे अगदी साधं आडनाव आहे. शाळेत तिच्या गणिताच्या मास्तरांचं तेच होतं. मी फिनलंडच्या माणसासारखा दिसत नाही हे तिच्या ध्यानात आलं होतं, पण विचारणं तिला आगाऊपणाचं वाटलं.

तर ए, एच, ओ. आणि तेवढ्यात ईडाच्या कोटाला धरून उभी असलेली ओवी बोलली. पुटपुटली नाही. वर्गातली मुलं वळून बघतील इतक्या मोठ्याने बोलली.

"अहो इज नॉट अ नेम."

मिसेस हॉलिसचं पेन हवेत थांबलं. ईडा काही बोलली नाही. वाकली नाही, शाबास म्हणाली नाही. नुसती ओवीकडे बघत थांबली, पुढचं ऐकायला. म्हणून पुढचं आलं.

"अहो इज फॉर हजबंड. हिज नेम इज मंदार दातार." आणि मग मिसेस हॉलिसच्या वहीकडे बोट दाखवून, "डी, ए, टी, ए, आर."

आईला हे सांगितलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले आणि हसलीही. शेवटी पुण्याची ना, म्हणाली, समोरचा चुकला तर गप्प कशी बसेल.

ओवी दुसऱ्या दिवसापासून धबधब्यासारखी बोलायला लागली, असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती 'हिअर' म्हणाली. त्यानंतरच्या आठवड्यात एका मुलाने रंगांची नावं चुकवली, तेव्हा पुन्हा बोलली. चुका करण्यात तो वर्ग उदार होता, त्यामुळे तिला कामाची कमतरता पडली नाही. मिसेस हॉलिसही अधूनमधून मुद्दाम चुकायला लागल्या असाव्यात, असा माझा संशय आहे.

शाळेच्या भेटीला मी गेलो, पण ओवीला काढायचा विषय काढला नाही. मार्चअखेर आई एकटीच पुण्याला गेली. बॅगेत भिशीच्या मैत्रिणींसाठी काळ्या गोळ्यांची चार पाकिटं. आणि मी पुन्हा मंदार झालो.

ईडाला आपल्या चुकीचं फार वाईट वाटलं. तिने केनकडे, लायब्ररीत, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन माझं नाव दुरुस्त केलं. मग एका जेवणावर आपणहून सांगितलं, हे विरळाच, की आहो म्हणजे जंगलातली मोकळी जागा. भोवती दाट झाडी, मध्ये ऊन पडतं, तिथे रानस्ट्रॉबेरी येतात. मी सुखावलो. मृणाल माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, झाडी भोवतीच आहे, मध्ये ऊन पडतंच, आता स्ट्रॉबेरी तेवढ्या यायच्यात.

जुलैत ईडाचं वर्ष संपलं. तिकडे तिला बालवाडीची शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. शेवटच्या सकाळीही तिने ओवीला शाळेत सोडायचा हट्ट धरला. तिथून मी तिला विमानतळावर नेणार होतो. मी तिचं सामान घेऊन शाळेसमोर रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसलो होतो.

त्या दोघी पायवाटेने आल्या. ओवी बोलत होती, दोन्ही हात हलवून, मध्येच उलटी चालत. इंग्रजीत होतं की मराठीत, काचेतून कळलं नाही. ईडा मान किंचित वाकवून ऐकत होती. फाटकाशी दोघी थांबल्या. ओवीचं काहीतरी अर्धं राहिलं होतं, ते तिने पुरं केलं. ईडाने तिच्या बॅगेचा पट्टा सरळ केला. मग ओवीला आत कोणीतरी मैत्रीण दिसली आणि ती धावत सुटली. मागे वळून बघायचं तिच्या लक्षातच आलं नाही. फाटक बंद झालं तरी ईडा तिथेच उभी होती, हात कोटाच्या खिशात, ऊन पडलेलं असताना.

विमानतळापर्यंत मी तिला समजावत होतो. प्यायचं पाणी आत नेता येत नाही, तिकीट हाताशी ठेव, अभ्यास कसा करावा, आणि आयुष्याबद्दलही थोडंसं. गाडीतून उतरल्यावर तिने तोंड उघडल्यासारखं केलं, पण मला तेवढ्यात पासपोर्टची आठवण झाली. पासपोर्ट होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने माझा हात हातात घेऊन एकदा हलवला आणि गेली.

संध्याकाळी मृणाल पोळ्या करत होती. मी ओट्याशी उभा राहून तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "वर्षभर राहिली पोरगी, आणि जाताना एक शब्द बोलली नाही बघ."

मृणालने पोळी उलटली. "बोलणार असेल रे," ती म्हणाली. "ओवीसुद्धा बोलली, ती तू तिथे नव्हतास म्हणून."